'सामील असणे' अर्थाच्या इंग्रजी इडियम्स, कुठली कुठे शोभते? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी संध्याकाळी कॉमर्सच्या मुलांना इंटरव्ह्यूसाठी स्पोकन इंग्लिश शिकवते, बरीचशी एसटीने येणारी पोरं आहेत आणि खरंच मनापासून मेहनत करतात. सध्या एखाद्या कामात सामील असण्याच्या इडियम्स चालू आहेत, डिक्शनरीत सगळ्यांपुढे साधारण 'सहभागी असणे' एवढंच, पण प्रत्येकीचा सूर वेगळा आणि मला तोच नीट शिकवायचाय.

'इन द लूप' म्हणजे काय चाललंय ते आपल्याला कळत राहणं आणि 'ऑन बोर्ड' म्हणजे आपलाही त्याला होकार, त्यामुळे माणूस लूपमध्ये असून ऑन बोर्ड नसू शकतो, हे मुलांना लगेच पटलं. 'रोप्ड इन'मध्ये कुणीतरी गळ घालून ओढलेलं असतं. 'फिंगर इन एव्हरी पाय' हे बहुतेक वेळा कौतुक नसतं, लुडबुड्या माणूस. 'हॅट इन द रिंग' सगळ्यात आवडली पोरांना, पूर्वी बॉक्सिंगच्या रिंगणात टोपी टाकली की लढायला तयार असा अर्थ व्हायचा, आणि 1912 मध्ये थिओडोर रूझवेल्टने अध्यक्षपदासाठी उतरताना हेच वापरलं, आपल्याकडे शड्डू ठोकतात ना अगदी तेच.

आता अडलंय ते असं. सरावात एका मुलीला 'आय हॅड अ हँड इन ऑर्गनायझिंग द फेस्टिव्हल' म्हणायला सांगितलं तर ती थांबलीच, म्हणाली मॅडम, हे चोरीत हात असल्यासारखं वाटतं. मी सांगितलं की इंग्रजीत चांगल्या कामालाही चालतं, पण मुलाखत घेणारे आपलेच लोक असतील तर त्यांना कसं ऐकू येईल? त्यापेक्षा सरळ 'आय हेल्प्ड ऑर्गनायझ' बरं का?

दुसरं, नवीन लागलेल्या मुलाने साहेबांना 'प्लीज कीप मी इन द लूप' लिहिलं तर आगाऊपणा वाटतो का, की आजकाल सर्रास चालतं? आणि 'स्किन इन द गेम' फ्रेशरने बोलावं का, कारण त्यात स्वतःचं काहीतरी पणाला लावलेलं असावं लागतं आणि या पोरांनी अजून पहिला पगारही पाहिलेला नाही.

एचआरमध्ये असलेल्यांनी आणि परदेशात नोकरी करणाऱ्यांनी प्लीज सांगा, तुमच्या ऑफिसात ऐकलेली खरी वाक्यं दिलीत तर फारच बरं, शनिवारी मॉक इंटरव्ह्यू आहेत, तिथे लगेच वापरता येतील.