आजोळ पोलंडात असलेल्यांनो, अनुभव लिहा

वाफाळता_चहा
काल 1 नोव्हेंबर. मामेबहिणीने व्रोत्सवाफहून फोटो पाठवला. बाब्चाच्या थडग्यावर शेवंतीच्या कुंड्या, काचेच्या झाकणवाल्या मेणबत्त्या आणि त्यातल्या एकीवर चिकटपट्टी लावून माझं नाव. खाली एवढंच, ‘तुझ्या वाटची लावली.’ (बाब्चा म्हणजे आजी.)
बाबा सत्तरच्या दशकात तिकडे शिकायला गेले आणि आईला घेऊन पुण्यात आले. तिकडचे नामदिन (आपल्या नावाच्या संताचा दिवस), बारशी, आजारपणं सगळं आईचं खातं. आता आई नाही, तिची वही माझ्याकडे आहे. माझं पोलिश ‘जेवलास का, थंडी आहे का’च्या पुढे जात नाही.
13 डिसेंबर 1981ला तिकडे लष्करी कायदा लागला. फोन बंद. नंतर लागायला लागले तरी मध्येच एक बाई सांगायची, संभाषणावर नियंत्रण आहे. पत्रांवर सेन्सॉरचा शिक्का. बाब्चा मग फक्त हवा आणि काकड्यांबद्दल लिहायची. त्यावरून आईला कोण आजारी, कोण आत आहे ते बरोबर कळायचं. कसं ते मला अजून उमगलेलं नाही.
आईवडील गेल्यावर तुम्ही जाता का अजून? कोणाकडे उतरता?

शिकागोची_काकू
सून पोलिश आहे आमची. नातू शनिवारी पोलिश शाळेत, रविवारी मराठी शाळेत. काल विचारत होता, आज्जी मला सुट्टी कधी? कुकर लावलाय, नंतर लिहिते.

रंकाळ्यावरून
आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला 1943 ते 48 पाचेक हजार पोलिश माणसं होती, बायका-पोरंच जास्त. सायबेरियातनं सुटून इराणमार्गे आलेली. त्यांची मुलं-नातवंडं अजून येत्यात आई-आजी कुठं ऱ्हायली ते बघायला. म्हणजे उलटं आजोळ! आलात कधी तर मिसळ माझ्याकडून.

वाफाळता_चहा
@रंकाळ्यावरून येणार! आईला घेऊन गेलो होतो आम्ही महावीर गार्डनमधलं स्मारक बघायला. ती बराच वेळ तिथे उभी होती.

नाशिककर_लंडनात
बायको लुब्लिनची. दर नाताळला मुलींना घेऊन जातो. 24ला रात्री जेवणाआधी पिठाचा पातळ वेफर असतो. प्रत्येकाच्या हातातल्या वेफरचा तुकडा मोडून घ्यायचा, आपला द्यायचा आणि समोरच्याला वर्षभरासाठी काहीतरी चांगलं चिंतायचं. माणसं वीस. धाकटीचं पोलिश तिसऱ्या मावशीपाशी संपतं. पुढे सगळ्यांना नुसतं ‘तब्येत, तब्येत!’ नव्वदीच्या पणजीलाही तेच, तिला मात्र ते फार पटलं 😄
त्या रात्री मांस नसतं. बारा पदार्थ, त्यात मासा. मी शाकाहारी, त्यामुळे वर्षातून एकदाच सासरी मला कोणी कीव आल्यासारखं बघत नाही.
आणि एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्यासाठी. एकदा खरंच शेजारचे काका आले. सासूबाईंचा चेहरा बघायला हवा होता.

वाफाळता_चहा
अरे तो वेफर! बाब्चा पाकिटातून पाठवायची. पुण्यात पोचेपर्यंत भुगा. आई तो बशीत ओतायची आणि आम्ही चिमटीने घ्यायचो.

मधली_बहीण
आई क्राकूवची, मी ठाण्याची. भावाने पोलिश पासपोर्ट घेतला, भारतीय सोडावा लागला, आपल्याकडे दुहेरी चालत नाही. मी घेतला नाही. आता मावशीला भेटायला मला शेंगेन व्हिसा, त्याला नुसतं तिकीट. तरी जाते मीच. तो म्हणतो, ‘जाऊ की कधीही.’ ज्याला कधीही जाता येतं तो जात नाही बघा.
मावशीला उतारवयात ऐकू येत नाही. आम्ही दोघी बसून पिएरोगी (उकडलेल्या करंज्याच म्हणा) भरतो, ती माझ्या कडा परत दाबते. करंज्यांना आई अगदी हेच करायची.

पेठकर
@मधली_बहीण व्हिसाला किती दिवस लागले? (माझं आजोळ सासवड, तरी विचारतो.)

मधली_बहीण
@पेठकर 😂 व्यक्तिगत निरोप करते.

वाफाळता_चहा
@मधली_बहीण ‘जाते मीच’ लागलं. आमची बाब्चा स्वतः ल्वूवची. 1945नंतर ते शहर सोव्हिएत युक्रेनात गेलं आणि यांना जर्मनांनी रिकाम्या केलेल्या व्रोत्सवाफच्या घरात आणून बसवलं. माहेर परत बघायला मिळालं नाही तिला. आई मात्र कर्ज काढून आम्हाला तिच्याकडे न्यायची. मे महिन्याचं तिकीट बघतोय आता.

नाशिककर_लंडनात
जाच. फुलं नेणार तर विषम संख्येत, आणि शेवंती नको, ती थडग्यावरची. उंबऱ्यात हात मिळवू नकोस, आत जाऊन मिळव.

शिकागोची_काकू
आले. त्या पोलिश आंबवलेल्या काकड्या कशा करायच्या ते सांगा कोणीतरी. सून मीठ-पाणी-लसूण म्हणते आणि वर बडीशेपेसारखं काहीतरी.

मधली_बहीण
शेपू हो काकू! बिया धरलेले तुरे. व्हिनेगर नाही घालायचं, आपोआप आंबतात.

पेठकर
शेपू?? मग राहू दे. सासवडच बरं.