बाव (विहीर) मचूळ झाली म्हणून घरोघर आरओ फिल्टर बसवायचा का? मला पटत नाही

खाडीकाठ
परवा आमच्या वाडीत एक फिल्टरवाला आलेला, हातात पेनाएवढं टीडीएस मीटर (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार), प्रत्येक घरी ग्लासात बुडवायचं आणि आकडा दाखवायचा. आमच्या बावीला ६४० आलं, आई घाबरली, आणि संध्याकाळपर्यंत तीन घरांनी मशीन बुक केलं. मला याचा खरंच त्रास झाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. कठीणपणाचं, म्हणजे पाण्याच्या जडपणाचं, तसंच, २०० आणि ६००. ६४० टीडीएस म्हणजे विष नव्हे. जड पाण्याला साबणाचा फेस येत नाही, केस राठ होतात, गिझरची कॉइल जाते, तूरडाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी शिजत नाही, हे सगळं मान्य, पण ते कॅल्शियम-मॅग्नेशियम आहे, त्याने माणूस आजारी पडत नाही. आणि आरओ एक हंडा गाळताना दोन-तीन हंडे मोरीत सोडतो, तेही मे महिन्यात, जेव्हा वरच्या वाडीत टँकर येतो! २०१९ ला हरित लवादाने ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला असं केंद्राला सांगितलं ते काय उगाच? पावसाळ्यात आमचं पाणी ८० असतं, तेव्हाही ही मशीनं चालूच राहणार.

दोन पोरांची आई
नाही पटलं. तुमचं ६४० असेल, आमचं १४५० आहे, आम्ही किनाऱ्याला लागून. चहा खारट लागतो. सासऱ्यांना बीपी, डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा, आणि इथे पाण्यातूनच मीठ जातंय पोटात. नळ दिवसाआड अर्धा तास, त्यात पिण्याचं भरू की कपडे धुऊ? २००० पर्यंत चालतं ते दुसरा मार्ग नसेल तर, हे तुम्हीच लिहिलंत ना, मग माझ्याकडे मार्ग आहे, मशीन. सांडलेलं पाणी मी बादलीत धरते, लादी पुसते, संडासाला वापरते. मोरीत सोडत नाही.

खाडीकाठ
ताई, घरात बीपीचा माणूस असताना तुम्ही घेतलंत ते बरोबरच. माझा राग सरसकट विकण्यावर आहे.

प्रयोगशाळेत काम करतो
तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. मीटर फक्त पाण्यातून वीज किती जाते ते बघतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं, कुठले क्षार ते नाही. पाणी उकळल्यावर टोपाला पांढरा थर धरतो तो बायकार्बोनेटचा कठीणपणा, तो उकळून गाळला की बराचसा जातो. खारट चव क्लोराईडची, त्याची मर्यादा २५०, फार तर १०००, आणि ते उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. आपल्या जांभ्या दगडातलं पाणी मुळात हलकं असतं. जांभ्यातली बाव फक्त उन्हाळ्यातच जड आणि खारट होत असेल तर पहिला संशय समुद्रावर घ्या, समुद्राच्या पाण्यात मिठासोबत मॅग्नेशियमही भरपूर असतं.
अजून एक, सॉफ्टनर बसवून बीपीवाल्याला ते पाणी देऊ नका, तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो. आणि ८० आलं म्हणून पावसात बिनधास्त पिऊ नका, मीटरला जंतू दिसत नाहीत. कावीळ-गॅस्ट्रो पसरतो तो अशा गोड्या पाण्यातूनच. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलंय का, क्लोरीन ०.२ तरी उरतंय का ते ओटी टेस्टने (क्लोरीन तपासायच्या थेंबांनी) बघा, पाणी पिवळं झालं पाहिजे.

म्हातारो मालवणी
आमची बाव आजोबान खणलेली. मे म्हयन्यात पण हेच पाणी पियाचो आमी. शेजारच्या कलमांच्या बागेत बोअर मारली, तेच्या दुसऱ्या वर्सापासून पाणी मचूळ झाला. मीटर कित्याक व्हया, तोंडात घेतला की कळता. सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव, चारी बाजूक दर्या आसा तरी पाणी गोडा. पण थय मोटार लावन रात्रंदिवस उपसला तर गोडा रवात काय? माका ह्या सांगा.

होमस्टे चालवतो
काका, बोट माझ्यासारख्यांकडे आहे म्हणून बोलतो. कर्ज काढून चार खोल्या बांधल्या, पोरगा मुंबई सोडून आला. पाहुणा येतो तो एप्रिल-मेमध्येच, समुद्रातून आला की दोनदा आंघोळ करतो, त्याला अर्ध्या तासाच्या नळावर कसं भागवू? बोअर मारली नसती तर धंदाच नसता. आणि बागायतदारांच्या मोटारी कोणाला दिसत नाहीत, त्याही चालतातच की.

खाडीकाठ
दादा, तुमच्या पोटावर कोणी उठलेलं नाही. पण वाळूच्या पट्ट्यात गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं असेल तर खाली साधारण ४० फूट असतं, म्हणजे वरची पातळी एक फूट उतरवलीत की खालून खारं ४० फूट वर सरकायला बघतं. तुमच्या बोअरचा परिणाम ताईंच्या बावीत दिसतो, आणि त्यावर खर्च त्यांनी करायचा मशीनचा. सीआरझेडच्या (किनारपट्टीवरच्या बांधकाम-वापराचे केंद्राचे नियम) २०११ च्या अधिसूचनेत भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायला बंदी होती, सूट होती ती स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या वापरापुरती. पाहुण्यांचे शॉवर त्यात कसे बसवायचे? छपराचं पाणी तरी बावीत सोडा. १००० चौरस फुटांवर ३००० मिलिमीटर पावसात अडीच लाख लिटरच्या वर पाणी पडतं.

होमस्टे चालवतो
सोडलं होतं. सगळं जांभ्यातून पाझरून दिवाळीनंतर समुद्राला गेलं, मेमध्ये हाताला काय लागलं? टाकी बांधायची तर लाखांचं काम आहे.

प्रयोगशाळेत काम करतो
जांभ्याचं ते खरं आहे, तो पाणी धरून ठेवत नाही. पण गोड्याचा थर जितका जाड तितका खाऱ्याला वर यायला वेळ लागतो, त्यामुळे अगदी फुकट जात नाही. आणि एकाच वेळी जोरात उपसू नका, लहान मोटार लावून थोडं थोडं, मध्ये थांबून टाकीत भरा. त्याने खूप फरक पडतो. आधी आकडे तरी घेऊ. तिन्ही ठिकाणचं क्लोराईड आणि कठीणपणा एकाच दिवशी काढू, मग जूननंतर परत.

होमस्टे चालवतो
बोअरची बाटली देतो. रात्री मोटार बंद ठेवेन हे मात्र आज कबूल करत नाही, मे संपू दे, मग बसून बोलू.

दोन पोरांची आई
मशीन मी काढणार नाही. पण आमच्या बावीचीही बाटली घ्या, सकाळी सातच्या आत या, नंतर नळ येतो.