जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकली, पण स्पीड अर्धाच येतोय

माझा २०१० चा लॅपटॉप आहे, हार्डडिस्क काढून साटा (डिस्क जोडायच्या पोर्टचा प्रकार) एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क बसवली, बॉक्सवर सेकंदाला ५५० एमबी लिहिलंय पण टेस्टमध्ये २६० च्या वर जातच नाही, डुप्लिकेट माल तर नाही ना मिळाला?

उत्तर १: डुप्लिकेट नाही हो. त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपना साटा २ पोर्ट असायचा, सेकंदाला ३ गिगाबिटचा, त्यातून जास्तीत जास्त २७०-२८० एमबीच येतात. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडून ट्रान्सफर मोड बघा, साटा/३०० | साटा/६०० असं दिसलं तर पहिला आकडा सध्या चालू असलेला आणि दुसरा डिस्कची कुवत.

उत्तर २: बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये) डिस्कसाठी जुना आयडीई मोड आहे का तेही बघा, नवा एएचसीआय मोड पाहिजे. पण थेट बदलू नका, विंडोज बूटच होणार नाही कदाचित! आधी एमएसकॉन्फिगमधून (विंडोजचं सुरू होण्याचं सेटिंग) सेफ बूट लावा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये चालू झालं की सेफ बूट काढून टाका. आणि बॅकअप घ्याच.

प्रश्नकर्ता: ३०० | ६०० च दिसतंय, एएचसीआय आधीपासूनच आहे. म्हणजे पोर्टच जुना. मनापासून आभार!

उत्तर १: मग बिनधास्त वापरा, रोजच्या कामात छोट्या फायली पटापट उघडणं महत्त्वाचं, तिथे हार्डडिस्कपेक्षा फरक जाणवेलच.