तैवानी माणसाचा शांतपणा : तयारी की चालढकल?

मंद्रसप्तक (धागाकर्ता) :
संशोधनाच्या निमित्ताने मी दोन वर्षे तैवानमधल्या सिंचू शहरात होतो. जुलैतल्या एका दुपारी दीड वाजता हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा वाजला, स्कूटरी जिथल्या तिथे थांबल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मावशींनी मला आत घेऊन शटर अर्धे खाली ओढले. अर्धा तास त्या पातेल्यातली चहात उकळणारी अंडी ढवळत राहिल्या. भोंगा थांबल्यावर माझे सुटे पैसे परत केले, इतकेच. आपल्याकडच्या वाहिन्या या शांतपणाला बेफिकिरी म्हणतात, ते मला पटत नाही. तिथल्या चेंगची विद्यापीठाच्या, १९९४ पासून चालत आलेल्या पाहणीत दहापैकी आठांहून अधिक लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात 'जैसे थे'च निवडतात. स्वातंत्र्य जाहीर केले तर युद्ध ओढवेल आणि चीनमध्ये विलीन झाले तर १९९६ साली, चीनच्या क्षेपणास्त्रांच्या छायेत, प्रथमच थेट राष्ट्राध्यक्ष निवडून मिळवलेला मताचा हक्क जाईल, हे ओळखून केलेली ही निवड आहे.

शंकेखोर :
'जैसे थे' किती दिवस टिकायचे हे बीजिंग ठरवणार असेल, तर त्याला नियोजन कसे म्हणावे? ४० टक्क्यांहून अधिक वीज ज्या आयात वायूवर होते, त्याचा साठा सुमारे ११ दिवसांचा. तरीही मे २०२५ मध्ये शेवटची अणुभट्टी बंद केली. सक्तीची लष्करी सेवा चार महिन्यांवरून एक वर्षाची झाली ती २०२४ उजाडल्यावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये तैवानच्याच ताब्यातल्या मात्सू बेटांच्या दोन्ही समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि तिथली माणसे मार्चअखेरपर्यंत रखडत्या इंटरनेटवर दिवस काढत होती. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार आहे.

दर्यावर्दी :
१९९९ च्या भूकंपात सुमारे २,४०० माणसे गेली. एप्रिल २०२४ मध्ये हुआलिएनला ७.२ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा मृतांचा आकडा विसाच्या आत राहिला. दोन भूकंपांची तुलना काटेकोर होत नाही हे मान्य, पण मधल्या काळात बांधकामाचे नियम कडक झाले आणि बचावयंत्रणा उभी राहिली. चालढकल करणाऱ्या समाजाकडून हे होत नसते.

शंकेखोर :
भूकंपाशी वाटाघाटी करता येत नाहीत, म्हणून तिथे एकमत होते. चीनच्या बाबतीत संसदेतले बहुमत एकीकडे आणि राष्ट्राध्यक्ष लाय दुसरीकडे.

मंद्रसप्तक :
वायूचा मुद्दा मी मान्य करतो. परंतु ऑगस्ट २०२५ च्या सार्वमतात ती अणुभट्टी पुन्हा सुरू करावी म्हणणारे ४३ लाख होते आणि विरोधातले जेमतेम १५ लाख; एकूण मतदारांपैकी चौथा हिस्सा बाजूने हवा, या अटीपायी प्रस्ताव पडला. याचा दोष लोकांच्या माथी कसा मारता येईल?

शंकेखोर :
त्याच सार्वमताला दहापैकी सात मतदार फिरकलेच नाहीत. आपल्या त्या मावशी गेल्या होत्या का, तेवढे विचारून पाहा.