ओरलँडोची सहल: घरून काय बांधून न्यावे आणि तिथे काय घ्यावे?

नमस्कार मंडळी,

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण न्यू जर्सीहून ओरलँडोला निघालो आहोत: आम्ही दोघे, आठ वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. डिस्ने वर्ल्डच्या तीन दिवसांच्या तिकिटांतच बजेटचा मोठा वाटा गेला आहे (मुलगा तीन वर्षांच्या आतला असल्याने त्याला तिकीट लागत नाही, तेवढाच दिलासा), त्यामुळे निदान वरखर्चाला तरी आळा घालावा, असे ठरवले आहे. ओरलँडोजवळच्या किसिमी गावात स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतले आहे.

हा धागा काढण्याचे कारण जुने आहे. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पार्कमध्ये आम्ही अगदी रिकाम्या हातांनी गेलो होतो. दुपारी तीनच्या सुमारास आभाळ भरून आले आणि बघता बघता असा पाऊस कोसळला की सगळी गर्दी आडोसा शोधत एकाच दुकानात शिरली. छातीवर पार्कचे चित्र असलेले, पापडासारखे पातळ तीन रेनकोट आम्ही तिथे छत्तीस डॉलरना घेतले. पाऊस पाऊण तासात थांबला. घरी परतल्यावर गावातल्या डॉलरच्या दुकानात, चित्र सोडल्यास हुबेहूब तसाच रेनकोट सव्वा डॉलरला टांगलेला दिसला, आणि नवरा त्याच्याकडे बराच वेळ एक शब्दही न बोलता पाहत उभा राहिला.

या वेळी सहा रेनकोट, अंधारात चमकणाऱ्या कांड्यांचे पाकीट आणि प्रत्येकाची पाण्याची बाटली आधीच घेऊन ठेवली आहे. अडचण अशी की आमच्या विमान-तिकिटात प्रत्येकाला आसनाखाली मावेल एवढी एकच बॅग फुकट आहे आणि त्याहून मोठ्या प्रत्येक बॅगेला पैसे पडतात, म्हणजे रेनकोटवर वाचवलेले पैसे बॅगेवर घालवण्यात काही अर्थ नाही. सासूबाईंनी तर धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लोणचे आणि साजूक तूप अशी यादी करून डबेही पुसून ठेवले आहेत. यातले विमानातून काय नेता येईल, पार्कच्या दारावर डबे अडवतात का, आणि डायपर व सनस्क्रीन इथून न्यावे की तिथे घ्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. सासऱ्यांचे इन्सुलिन आणि त्यांच्या जेवणाची वेळ सांभाळणे हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

पोटोबा:

डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःपुरते खाण्याचे पदार्थ नेता येतात, त्यामुळे डब्यांची काळजी सोडा. फक्त काचेची बरणी नको (बाळाच्या अन्नाची छोटी बाटली चालते), मद्य नको आणि सुटा बर्फही नको. गारव्यासाठी गोठवलेले आइस पॅक वापरा. पाणी विकत घेऊच नका, कारण जिथे काउंटरवर थंड पेये मिळतात तिथे मागितल्यास बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट देतात. ॲनिमल किंग्डम या डिस्नेच्याच प्राण्यांच्या पार्कमध्ये त्यांच्या सुरक्षिततेसाठी प्लास्टिकच्या स्ट्रॉ चालत नाहीत, तेव्हा मुलांच्या रसाची पाकिटे त्या दिवशी घरीच ठेवा.

विमानतळावर खरी गोम लोणचे आणि तुपाची आहे. सुरक्षा तपासणीत ते द्रव किंवा लगदा समजले जातात, म्हणून हातातल्या बॅगेत प्रत्येकी १०० मिलिलिटरपर्यंतच नेता येतात. चटणी आणि मेतकूट कोरडे असल्याने चालते, पण ३५० मिलिलिटरहून मोठा पुडा असेल तर वेगळा काढून दाखवावा लागतो आणि कधी जास्त तपासणी होते. छोट्या पुड्या करा. इन्सुलिनला १०० मिलिलिटरची मर्यादा नाही, मात्र ते तपासणीच्या आधीच सांगून वेगळे दाखवावे. एरवी आइस पॅक तपासणीच्या वेळी दगडासारखा गोठलेला असावा लागतो, पण औषधासाठीचा अर्धवट वितळलेला असला तरी चालतो. इन्सुलिन कधीही खाली सामानात टाकू नका.

धपाट्यांबद्दल माझे प्रामाणिक मत असे की दही घातलेले धपाटे फ्लोरिडाच्या उन्हात संध्याकाळपर्यंत टिकवण्याचा अट्टहास करू नये. दुधात भिजवलेल्या दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या न्याव्यात आणि धपाटे किसिमीच्या घरी रात्री गरम खावेत.

फिरस्ती:

डायपर दोन दिवसांचेच न्या, बाकीचे आणि सनस्क्रीनची मोठी बाटली किसिमीच्या किराणा दुकानातून पहिल्याच दिवशी घ्या. हलक्या पण जागा खाणाऱ्या वस्तूंसाठी बॅगेचे पैसे भरणे परवडत नाही. बाबागाडी मात्र घरचीच न्या. विमान कंपन्या ती सहसा फुकट नेतात, आणि पार्कमध्ये भाड्याने घेतलेली गाडी त्या पार्कच्या दाराबाहेर नेता येत नाही, म्हणजे झोपलेल्या मुलाला पार्किंगपर्यंत कडेवर न्यावे लागते. डिस्नेच्या नियमाप्रमाणे गाडी ३१ इंचांहून रुंद आणि ५२ इंचांहून लांब नसावी. डिस्नेच्या चारही पार्कांत बाळांसाठी वेगळे केंद्र असते आणि तिथे मायक्रोवेव्ह असतो, तेव्हा मुलाचा मऊ वरणभात डब्यात नेऊन गरम करता येईल.

आणि जोडून ओरलँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कला जाणार असाल तर हे नियम तिथे लागू धरू नका. तिथे छोटा खाऊ, पाणी, बाळाचे अन्न आणि पथ्याचे पदार्थ चालतात, पण डबाभर जेवण किंवा कडक कूलर आत सोडत नाहीत.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. युनिव्हर्सलचा बेत नाही. तूप आणि लोणचे छोट्या प्लास्टिकच्या डब्यांत भरून प्रत्येकाच्या बॅगेत विभागून ठेवते, सासऱ्यांसाठी दशम्यांचा वेगळा डबा करते आणि चटणीच्या पुड्या आजच बांधते. दह्याच्या धपाट्यांविषयी पोटोबांचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की हे गृहस्थ मूळचे कुठले.