‘एकोणचाळीस’ ऐकून 49 लिहिणाऱ्या मुलीसाठी खेळ सुचवावेत

नमस्कार. माझी मुलगी मराठी माध्यमात दुसरीत शिकते. सापशिडीच्या पटावर 38 नंतरचे घर ती अचूक दाखवते, पण ‘एकोणचाळीस’ लिहायला सांगितले की ‘चाळीस’ ऐकताच तिचा हात आधी 4 काढतो आणि वहीत 49 उमटतो. यात तिचा दोष आहे असे मला मुळीच वाटत नाही. चिंचोक्यांचे दहा-दहाचे चार ढीग मांडून त्यांतला एक चिंचोका उचलला, की ‘चाळीसला एक कमी’ हे तिला लगेच पटते, मात्र पेन्सिल हाती घेताच पुन्हा तोच घोळ होतो. बालभारतीच्या 2019 च्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असेही वाचन दिले होते. त्याच धर्तीवर ‘तीस नऊ’ आणि ‘एकोणचाळीस’ यांची जोडी जुळवणारा, पत्त्यांचा किंवा फाशांचा एखादा खेळ आपण घरी खेळला असल्यास कृपया सविस्तर सांगावा.