मदत हवी आहे: दंडाची आणि तळपायाची त्वचा, स्लाइडमध्ये एवढा फरक का?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पोरांनी पेचात पकडलंय, सोडवा.

कॉलेजात दोन जुन्या स्लाइड आहेत. दंडाच्या त्वचेत सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर विणलेल्या बुट्टीसारखा दिसतो, मध्ये मोकळ्या जागा. तळपायाच्या त्वचेत तोच थर कितीतरी जाड आणि घट्ट.

माझी समजूत अशी: या चपट्या, केराटिन या कठीण प्रथिनाने भरलेल्या पेशींना कॉर्निओडेस्मोसोम हे प्रथिनांचे जोड धरून ठेवतात. एरवी पेशी वर सरकताना त्यांच्या पसरट बाजूचे जोड विकरं आधी तोडतात, कडेचे मागे उरतात. तळव्यावर मात्र पसरट बाजूचेही टिकतात, म्हणून पेशी सुटत नाहीत आणि थर साचतो. एवढं बरोबर ना?

आता खरी अडचण. दंडाच्या स्लाइडमधल्या त्या मोकळ्या जागा जिवंत त्वचेत असतात, की पॅराफिन मेणात बसवण्यासाठी ऊतक तयार करताना पेशींमधले मेद विरघळून पडतात? गोठवून कापलेल्या छेदात थर सलग दिसतो असं वाचलंय. म्हणजे पोरांनी बुट्टी काढायची की नाही?

वर एकानं विचारलं, "मॅडम, कोल्हापुरी घालायची सोडली तर टाच मऊ होईल?" घासण्यानं थर वाढतो हे खरं, पण तळव्याची त्वचा जन्माआधीपासूनच जाड असते, एवढं सांगून वेळ मारून नेली.

पॅथॉलॉजीवाल्यांनो, गोठवलेल्या छेदाचा वर्गात दाखवता येईल असा फोटो कुणाकडे आहे का? पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल आहे.